आयटीतील सहकाऱ्यांना या दिवाळीत नेमक्या कोणत्या शुभेच्छा द्याव्यात?

आपण विचारले आहे की, ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी तेच पणतीचे चित्र आणि तीच चारोळी पाठवण्याऐवजी, आपल्या क्षेत्रातील व्यावसायिकता आणि आपलेपणा वाढेल अशी एखादी शुभेच्छा देता येईल का. मी नाशिकमध्ये राहून परदेशी ग्राहकांच्या प्रणालींची देखभाल करणाऱ्या टीममध्ये काम करते, त्यामुळे माझे उत्तर देखभालीच्या बाजूने झुकलेले आहे, हे आधीच सांगते. माझ्याकडे शुभेच्छा एकच आहे. आपले काम उद्या ज्याच्या हाती जाणार आहे, त्या माणसाची आठवण काम करतानाच आपल्याला राहो.

सुरुवात सुटीच्या वेळापत्रकापासूनच करावी लागेल. अमेरिकी ग्राहकांच्या अनेक प्रकल्पांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास आणि पुन्हा नाताळात ‘फ्रीझ’ लागतो, म्हणजे तातडीची दुरुस्ती सोडल्यास चालू प्रणालीला कोणी हात लावायचा नाही. दिवाळी त्या कॅलेंडरात नसते आणि आपणही ती वेळेवर कळवत नाही, म्हणून फ्रीझच्या आधी उरकायच्या रिलीज, म्हणजे प्रणालीत नवे बदल चढवण्याची कामे, नेमक्या आपल्या सणाच्या आठवड्यात येऊन पडतात. मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यास लगेच धावून जाण्याची पाळी, कोणाच्या गळ्यात पडतो, तर ‘तू काय, नाशिकचाच, तुला कुठे गावाला जायचंय’ असे ज्याला सहज म्हणता येते, त्या सर्वांत नवख्या मुलाच्या. (बाईचा ऑन-कॉल असेल तर लॅपटॉप आणि करंज्यांची कढई या दोन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची अपेक्षा असते, पण तो विषय वेगळ्या उत्तराचा आहे.) सणाची पाळी वर्षागणिक फिरावी आणि त्या फिरत्या पाळीत मॅनेजरचेही नाव असावे, एवढे झाले तरी अर्धी शुभेच्छा फळली असे मी म्हणेन.

उरलेली अर्धी हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी दुसऱ्याकडे सोपवतानाच्या, नोटमध्ये असते. ‘सर्व्हर स्लो झाला तर रीस्टार्ट करणे, बाकी सर्व ओके’ अशी दोन ओळींची नोट ठेवून रेल्वे पकडणारे लोक मी पाहिले आहेत. चांगल्या नोटमध्ये प्रणालीकडून येणारा कोणता अलर्ट (बिघाडाचा इशारा) सकाळपर्यंत थांबू शकतो आणि कोणता दहा मिनिटेही थांबू शकत नाही, हे लिहिलेले असते. रीस्टार्ट करण्यापूर्वी कोणते लॉग (प्रणालीने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) बाजूला काढून ठेवायचे, ग्राहकाकडील कोणाला फोन करायचा आणि कोणाला चुकूनही करायचा नाही, हेही त्यात असते. मुख्य म्हणजे, पाळीवर येणाऱ्याचा ॲक्सेस चालतो की नाही, हे त्याच्यासोबत बसून आदल्या दिवशीच तपासलेले असते. रात्री दोन वाजता ‘परमिशन डिनाइड’ वाचणाऱ्या माणसाला आपण फराळाचा केवढाही डबा पाठवला, तरी त्याची भरपाई होत नाही.

हाच विचार ऑफिसच्या बाहेर नेला की ज्याला आपण टेक कम्युनिटी म्हणतो ती सुरू होते. आपण सगळे अशा मोफत सॉफ्टवेअरवर उभे आहोत, ज्यातील कित्येक भाग एक-दोन स्वयंसेवक आपल्या सवडीने सांभाळतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जावा लायब्ररीतील (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडमधील) दोष उघड झाला, तेव्हा जगभरातील टीमचा नाताळ त्यात गेला आणि तो दुरुस्त करणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांना शिव्याही खाव्या लागल्या. त्याहून बोलका प्रसंग एक्सझेड युटिल्सचा आहे. फाइली लहान करणारे हे साधन वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. नवी आवृत्ती लवकर का येत नाही, अशी टोचणी त्याला काही अनोळखी खात्यांवरून लागली. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्याने सांगूनही पाहिले. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी नम्रपणे मदतीला आले, दोनेक वर्षे काम करून विश्वास कमावला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि 2024 च्या सुरुवातीला 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट, म्हणजे बाहेरून गुपचूप शिरण्याची सोय, घातली. ती सापडली अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या विकासकाला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्याशा गोष्टीचा पाठपुरावा करत तो मुळापर्यंत गेला आणि 29 मार्च 2024 रोजी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्याने ती जाहीर केली. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती तोवर पोहोचली नव्हती.

लोक या गोष्टीतून फ्रॉइंडचे कौतुक तेवढे उचलतात, आणि ते योग्यच आहे, कारण अर्धा सेकंद ‘चालतंय की’ म्हणून सोडून देणारे आपल्यात बहुसंख्य आहेत. मला मात्र त्या टोचणीचे जास्त वाटते. तो दबाव कटाचा भाग होता असे मानले जाते. पण तो कोणाला खटकला नाही, कारण स्वयंसेवकाशी अशा सुरात बोलणे आपल्याकडे नेहमीचेच आहे. म्हणून आपल्या सहकाऱ्यांसाठी माझी इच्छा अशी आहे की, वापरातल्या एखाद्या लायब्ररीची तक्रार नोंदवताना त्यांनी दोष पुन्हा घडवून दाखवणारी उदाहरणाची फाइल जोडावी आणि ‘अर्जंट’ हा शब्द गाळावा. कंपनीने पैसे दिले तर उत्तमच.

नाशिकपुरते बोलायचे तर 2015 च्या सिंहस्थापूर्वी येथे कुंभथॉन झाले होते. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकारातून विद्यार्थी, अभियंते आणि प्रशासनातील मंडळी एकत्र बसली आणि पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणाऱ्या चटईसारख्या कल्पना पुढे आल्या. आता 2027 च्या सिंहस्थाची तयारी आहे, त्यामुळे ॲप आणि डॅशबोर्ड यांना तोटा नसेल. ते करणाऱ्यांनी उद्घाटनाच्या फोटोइतकेच महत्त्व त्याच्या कागदपत्रांना द्यावे आणि बारा वर्षांनी येणाऱ्या मुलांना कोड, नोंदी आणि फसलेल्या प्रयोगांची कारणे एका ठिकाणी मिळावीत, ही माझी या गावापुरती शुभेच्छा समजा.

ग्रुपवर काय पाठवावे, एवढेच हवे असेल तर मी असे पाठवीन: ‘लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा ऑन-कॉल मी घेते, पाडव्याचा कोण घेणार?’ फक्त ते वसुबारसेच्या बरेच आधी पाठवा, कारण एकदा पाळ्यांची यादी ग्राहकाकडे गेली की ती बदलून घेताना नाकी नऊ येतात.