बर्फात गोठलेला बेडूक पुन्हा जिवंत कसा होतो?

तुमच्या लेकीने विचारलंय की फ्रीजरमधला मासा मेलेला असतो, तर मग व्हिडिओतला तो गोठून टणक झालेला बेडूक उड्या कसा मारायला लागला? मी मडगावला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा माझ्या फार आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मासाच घ्या. फ्रीजरमधला विसवणाचा तुकडा बाहेर काढला की ताटात पाणी सुटतं आणि मांस मऊ पडतं. बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची आवरणं फाडलेली असतात, आतलं पाणी गळून जातं. म्हणजे जीव जातो तो नुसत्या थंडीने नाही, बर्फ भलत्या जागी झाल्याने. त्या बेडकाचं सगळं कौशल्य बर्फाला जागा नेमून देण्यात आहे.

तो बहुधा अलास्का-कॅनडातला वुड फ्रॉग असावा. तो जमिनीत खोल जात नाही, पडलेल्या पानांखालीच हिवाळा काढतो. कातडीला बर्फ टेकला की काही मिनिटांतच यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचं (म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याचं) ग्लुकोज करून रक्तात सोडायला लागतं. रक्तातली साखर इतकी चढते की माणूस त्यात वाचणार नाही. ही साखर पेशींत शिरून तिथलं पाणी धरून ठेवते. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत. बाहेरचा बर्फ पेशींतलं पाणी ओढतो, त्या आकसतात, पण साखरेमुळे एका मर्यादेपलीकडे नाही. एरवी लघवीतून बाहेर जाणाऱ्या युरियाचीही मदत होते. शरीरातलं जवळपास 65 टक्के पाणी गोठतं. श्वास बंद, हृदय बंद, डोळे पांढुरके.

हे 1982 मध्ये विल्यम श्मिड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. पुढे अलास्कातल्या बेडकांवर त्यांच्या नैसर्गिक जागीच लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा काही सात महिन्यांपर्यंत गोठून राहिले, तापमान उणे 18 अंशांपर्यंत उतरलं, आणि तरी सगळे वाचले. बर्फ वितळताना हृदय आधी सुरू होतं, मग श्वास, पाय सगळ्यात शेवटी हलतात. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं. बंद पडलेलं हृदय बाहेरच्या कुठल्याही मदतीशिवाय पुन्हा धडधडतं!

सगळे प्राणी मात्र गोठत नाहीत. अंटार्क्टिकाच्या समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत थंड असतं, आपल्याकडच्या माशाचं रक्त त्यात गोठून जाईल. तिथल्या माशांच्या रक्तातली खास प्रथिनं बर्फाच्या अगदी सूक्ष्म कणांना चिकटतात आणि ते वाढू देत नाहीत. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा ज्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतात ते आपल्या वास्कोलाच आहे. तिथे शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असला तर लेकीला जरूर न्या.

एक विनंती. आपल्या शेतातला बेडूक फ्रीजरमध्ये ठेवून बघू देऊ नका. तो उन्हाळाभर मातीत दडून राहू शकतो, पण गोठणं त्याला जमत नाही, तो मरेल. प्रयोगच करायचा तर एका वाटीत साधं पाणी आणि दुसरीत साखरेचा घट्ट पाक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी दोन्हींत चमचा खुपसून बघायला सांगा. पाण्यात तो शिरणार नाही, पाकात शिरेल.