मैत्रिणीच्या नवऱ्याचं लग्न, आणि मला आनंद का होत नाही?

घरच्यासारख्या माणसाचं लग्न ठरलंय, सगळे खूश आहेत, मला मात्र आनंद होत नाही; माझंच मन कोतं आहे का? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. सोलापुरातल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि काही तपशील बदललेत.

सुनंदाताई जुळे सोलापुरात राहतात. शेजारच्या घराशी त्यांचं पंचवीसएक वर्षांचं येणंजाणं. शेजारची मंगल चार वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं गेली. आता तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सुनंदाताईंच्या भाऊजींनी, साठीत दुसरं लग्न ठरवलं होतं, अक्कलकोटच्या एका विधवा बाईंशी. मुलांची संमती होती. लग्न विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीनं. त्याला तीन साक्षीदार लागतात, आणि त्यातली एक सही भाऊजींनी सुनंदाताईंकडे मागितली होती. संध्याकाळी घरच्यांपुरतं जेवण. त्यातली गव्हाची खीरही त्यांनीच करायची, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"तोंडानं हो म्हटलं वो मॅडम, पण रात्री झोप लागंना. आमचे हे म्हणतात, तुझं काय जातंय? खरंच, माझं काय जातंय?"

त्यांनी तो प्रश्न स्वतःला दोष द्यायला विचारला होता. मला मात्र त्याचं उत्तर हवं होतं. मी विचारलं, मंगलताई गेल्यावर तुम्ही कुणाजवळ रडलात?

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग त्या तेरा दिवसांचं सांगू लागल्या. भेटायला येणाऱ्यांचा चहा, शेजारून पोचवायची पिठलं-भाकरी, गावाकडून आलेल्यांची अंथरुणं, हे सगळं त्यांनीच पाहिलं. लोक भाऊजींजवळ बसले, मुलांजवळ बसले, मंगलच्या आईजवळ बसले. "मला कोण विचारणार? मी तिची कोण?" दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास दोघी सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला, म्हणजे तिथल्या प्रतीकात्मक लग्नाला जायच्या. संमती कट्ट्याजवळ सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, येईपर्यंत उन्हात उभ्या राहायच्या. मंगल गेल्यापासून सुनंदाताई तिकडे फिरकल्या नव्हत्या. घरी कारण सांगितलेलं, गुडघे दुखतात.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली: जे दुःख करण्याचा हक्कच आजूबाजूचे लोक मान्य करत नाहीत, ते. मैत्रिणीचं दुःख बहुतेकदा त्यातच मोडतं. तिला सुतक नसतं, तिला भेटायला कुणी येत नाही. सुनंदाताईंच्या मनात मत्सर नव्हता. चार वर्षं अडून राहिलेला शोक लग्नाच्या बातमीनं वर आला होता. त्यांचं खाणंपिणं, रोजची कामं नीट चालली होती, म्हणून मी त्याला आजार मानलं नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष महिनोन्‌महिने उडालेलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही बोलता येतं.

या कायद्यात लग्नाआधी द्याव्या लागणाऱ्या नोटिशीचे ३० दिवस चालू होते, त्यामुळे हाताशी वेळ होता. सही करा किंवा करू नका, यातलं काहीच मी सांगितलं नाही. आम्ही मंगलबद्दल बोललो, पोटभर बोललो. दुसऱ्या भेटीत खरी भीती बाहेर आली: "त्या घरात आता मंगलचं नाव घ्यायचं की नाही?" याचं उत्तर फक्त भाऊजी देऊ शकत होते, आणि ते लग्नाच्या आधी विचारायला हवं होतं. पहिलं वाक्य कसं बोलायचं, याची तयारी करूनच त्या गेल्या.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही रागावल्या असाल असं वाटून मीच विषय काढत नव्हतो, म्हणाले. नाव जरूर घ्यायचं. फोटो मात्र हॉलमधून आतल्या खोलीत जाणार होता. ते सुनंदाताईंना पटलं नाही आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं, निर्णय बदलला नाही. मला हे बोलणं यशस्वीच वाटतं. घर त्यांचं आहे. सुनंदाताईंना हवा होता तो बोलायचा हक्क, आणि तो मिळाला.

मग त्यांनी ठरवलं: सही करायची, खीर करायची नाही. ती खीर दोघी मिळून करायच्या. आचाऱ्याला सांगा, असं त्यांनी सरळ कळवलं, आणि मी त्याला पूर्ण पाठिंबा दिला. माणूस जवळचं आहे म्हणून त्याच्या लग्नातलं प्रत्येक काम अंगावर घ्यायलाच हवं, असं नाही. एकच विनंती केली, नवरीसमोर 'मंगल असं करायची' हे वाक्य त्या दिवशी नको. तीही नवरा गमावून आलेली बाई आहे.

त्यांच्या यजमानांनाही मी एकदा बोलावलं. 'तुझं काय जातंय' हे ते काळजीपोटीच म्हणत होते. मंगलचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "मला पण बहिणीसारखीच होती ती." नवराबायको चार वर्षं एकमेकांपासून एकच दुःख लपवत होते. रोज थोडा वेळ फक्त ऐका, समजूत घालू नका, एवढंच त्यांना सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सुनंदाताईंनी सही केली. हार घालताना भाऊजी गडबडले तेव्हा मनापासून हसल्या, आणि घरी येताना रस्ताभर रडल्या. एकाच दिवशी दोन्ही कसं काय, याचं त्यांना नवल वाटत होतं. मला नाही वाटलं. नव्या बाईंना त्या अजून 'वहिनी' म्हणत नाहीत, नावापुढे ताई लावतात. त्याबद्दल मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "म्हणीन की सावकाश. गडबड काय आहे?"