पुण्यात रूमवर राहतो, दिवसभर ऑफिसात असतो. थंडीत रूममध्ये निखाऱ्याची शेगडी ठेवली तर चालेल का? नुसते निखारे आहेत, धूर नाही, मग काय होतंय? आणि रात्री अकराला सारखी भूक लागते, बिस्किटाचा पुडा संपतो, ती कशी आवरायची?

शेगडी ठेवू नका. बंद खोलीत तर अजिबातच नाही. भुकेचं खाली सांगतो, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, "नुसते निखारे आहेत, धूर नाही, मग काय होतंय", त्या एका वाक्यासाठी मी रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलोय. सहा वर्षांपूर्वी आमच्या साडूने अगदी हेच म्हटलं होतं.

मी सोलापूरचा. लोक हसतात, सोलापुरात कसली थंडी म्हणून, मे महिन्यात ४३-४४ ला जाणारं गाव आमचं. पण डिसेंबरात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात एक रात्र काढून बघा मग बोला. माझी सासुरवाडी तिकडची, ज्वारीचंच रान सगळं. पोरांना नाताळची सुट्टी होती म्हणून सगळे हुरड्याला वस्तीवर जमलो होतो. संध्याकाळी आगटी पेटवली, गोवऱ्यांचा विस्तव झाल्यावर गूळभेंडी ज्वारीची कणसं त्यात खुपसली, आणि सासूबाई एकेक कणीस काढून तळहातावर चोळत होत्या. चटका बसतो हो, आपल्याला दोन कणसं चोळली की हात लाल, त्यांना काही नाही. चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवागार गरम दाणा समोरच्याच्या हातावर. सोबत शेंगा चटणी, दही, गुळाचा खडा. सगळे तुटून पडले होते, फक्त माझ्या मेहुणीची संकष्टी होती, ती चंद्र उगवायची वाट बघत बसलेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साडूसाहेब पुण्यात कंपनीत, भारीतलं जाकीट घालून आलेले. मी बावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढलीत, तर मी आपलं नेहमीप्रमाणे अंगावर चादर ओढून बसलो होतो. मला म्हणतात, "पाव्हणं, कापसाची चादर ती, तिने काय थंडी जाणार?" अख्ख्या घरासमोर. म्हटलं, ओ साहेब, चादर असो नाहीतर तुमचं जाकीट, गरम कुणीच करत नाही, अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही एवढंच. ऊब अडवते ती धाग्याधाग्यात अडकलेली हवा. म्हणून एका जाड पांघरुणापेक्षा दोन चादरी एकावर एक घेतल्या की जास्त ऊब, कारण मधे हवेचा आणखी एक थर येतो. आणि एक अंगाखाली पण पाहिजे, बरीच थंडी फरशीतून येते. हे कुणी सांगतच नाही, सगळे नुसतं वरून ओझं वाढवत बसतात.

ते ऐकतील तर ना. त्यात दोन पेग झालेले. पेग झाले की गरम वाटतं, जाकीटही काढून ठेवलं त्यांनी. होतं काय, दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, आपल्याला ऊब वाटते आणि खरं तर अंगातली उष्णता बाहेर चाललेली असते. तासाभराने साहेब कुडकुडायला लागले. मग आगटीतले निखारे शेगडीत भरले, खोलीत नेले, दार लावलं, वाऱ्याला खिडकीत पोतं कोंबलं. मामा (आमचे सासरे) म्हणाले, "जावईबापू, शेगडी बाहेरच असू द्या." त्यावर ते तुमचं वाक्य. धूर कुठाय मामा, नुसते निखारे आहेत.

खोलीत ते, मेहुणी आणि दोन पोरं. मी आणि मामा बाहेर पडवीत, मी दोन चादरींत, मामा घोंगडीत. पहाटे तीनच्या सुमारास मोटरची लाईट आली, कांद्याला पाणी द्यायचं होतं, आणि बॅटरी राहिलेली आत खोलीत. मामांनी दार वाजवलं. बराच वेळ कुणी उठेना. शेवटी मेहुणीने कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली, भडाभडा उलटी. धाकट्याला मी हलवून हलवून उठवलं, मान टाकत होतं पोरगं. सगळ्यांना उचलून अंगणात आणलं, त्या थंडीत, आणि अर्ध्या तासात मोकळ्या हवेवर पोरं बोलायला लागली. तसंच गाडीत घालून तालुक्याला दवाखान्यात नेलं, पोरांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "खोलीत शेगडी होती का?" आणि साडूसाहेब म्हणतात कसे, "नाही ओ, हुरडा जरा जास्त झाला."

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी गॅस निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस गुदमरून जागा होत नाही, उलट जास्तच गुंगीत जातो. डोकं ठणकणं, मळमळ, पेंगुळणं, आणि एका खोलीतल्या सगळ्यांना एकदमच, बाहेर आलं की हलकं वाटणं, ही लक्षणं दिसली की समजायचं हाच गॅस आहे.

बरं, आता तुमची भूक. माझं स्पष्ट मत, थंडीत लागणारी भूक आवरायची नसते, नीट भागवायची असते. अंग तापतं ठेवायला शरीराला जास्त जळण लागतं, आणि खाल्लेलं पचतानाही उष्णता तयार होते. पण तुम्ही दिवसभर बंद ऑफिसात स्वेटर घालून बसता, तुमचं एवढं काही जळत नाही. रात्री अकराची तुमची भूक म्हणजे संध्याकाळी सातला अर्धवट खाल्लेल्याची भूक आहे. त्यावेळी बाजरीची भाकरी, वर लोणी नाहीतर तीळ, आणि गरम आमटी असं पोटभर खा, बिस्किटाचा पुडा आपोआप सुटेल. तरीही लागलीच तर हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कढण) करा, सुंठ-गूळ घालून, वाटीभर प्यायलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. शेंगदाणे मूठभरच घ्या, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, डबा मांडीवर घेऊन बसू नका. आणि पाणी. थंडीत तहान कळत नाही, कधी कधी भूक म्हणून आपण खातो ती तहानही असू शकते. दुपारी ऊन अंगावर घ्या, झोपताना पायात मोजे, कान झाकलेले. बास.

चादरीचं एक राहिलं, आमच्याच मालाबद्दल खोटं कशाला सांगू. सुती कापड ओलं झालं की ऊब संपली, त्यामुळे हिमालयात ट्रेकला जाणार असाल तर लोकरच न्या. तुमच्या पुण्याच्या रूमला दोन चादरी भरपूर झाल्या. आणि बाकी सगळे ठीक असताना तुम्हाला एकट्यालाच सारखी थंडी वाजत असेल तर एकदा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. शुगरवाल्यांनी माडग्यातला गूळ वगळा.

साडूसाहेब अजून दर डिसेंबरला म्हणतात, तो हुरडाच बाधला होता. दाजी (आमची ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही), वाचत असाल तर सांगतो, मेहुणीने त्या दिवशी हुरड्याचा एक दाणा तोंडात टाकला नव्हता. चंद्र उगवल्यावर वरण-भात खाल्ला होता, सासूबाईंनी वाढलेला. आणि सगळ्यात जास्त उलट्या तिलाच झाल्या.