देवगडची जिप्सी लेहला जाईल का?

जुन्या गाड्यांबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं देणारे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून आता कोल्हापुरात वर्कशॉप चालवतात.

प्रश्न : माझ्या बाबांची १९९८ ची मारुती जिप्सी किंग आहे. कार्ब्युरेटरची, सॉफ्ट टॉप. वीस वर्षं तिने आमच्या कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या ओढल्या. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती मांगरात उभी आहे. ती नीट करून पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको लेहला जायचं म्हणतोय. एक गॅरेजवाले म्हणतात, आधी रंगकाम आणि सीटं करून घ्या, मग डिझेल इंजिन बसवू. दुसरे म्हणतात, भंगारात द्या. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, भंगारात देऊ नका. आणि रंगाला तर इतक्यात हातच लावू नका. जुनी गाडी माझ्याकडे आली की मी रंग सगळ्यात शेवटी करतो. नव्या रंगाखाली काय दडलंय ते नंतर कुणालाच दिसत नाही. गाडी हजार किलोमीटर पुढे गेली की ते आपोआप बाहेर येतं, आणि तेव्हा जवळ गॅरेज नसतं.

आधी कागद बघा. १९९८ ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं २०१३ ला संपली. त्यापुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. बाबांनी ती वेळेवर घेतली असेल तरी २०२३ ला संपली असणार. गाडी अजून बाबांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून तुमच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म लागतो आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला २५ नंबरचा. सोबत विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि आरटीओत गाडीची प्रत्यक्ष तपासणी. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये बरीच वाढली आहे, ती हिशेबात धरा. तपासणीत चेसिसवर खोदलेला नंबर वाचता आला पाहिजे. समुद्राकाठच्या गाड्यांत गंज हा नंबर खातो. म्हणून कुणालाही तिथे ग्राइंडर चालवू देऊ नका. ओल्या कपड्याने हलकेच पुसून फोटो काढा आणि वर ग्रीसचा हात फिरवून ठेवा.

डिझेल इंजिनाचं म्हणाल, तर माझं उत्तर नाही असंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि न नोंदवलेल्या इंजिनाची गाडी घेऊन तुम्ही सहा राज्यं ओलांडणार. विम्याचं काय होईल, याचाही विचार करा. शिवाय तुमचं १,२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन हलकं आहे आणि त्याची रचना सोपी आहे. त्याचे भाग ओळखणारा मिस्त्री काश्मीरपर्यंत कुठेही भेटतो. जड डिझेल पुढे टाकलं की पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात, अ‍ॅक्सलवर बोजा येतो आणि रेडिएटर पुरत नाही. ती दुरुस्ती मग संपतच नाही.

आता मांगरात जा, पण चावी मारू नका. सहा वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या झालेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. सहज फिरलं तर इंजिन जिवंत आहे. अडलं तर जोर करू नका, हेड उघडावं लागेल. फिरलं तर तेल, फिल्टर, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि सगळे होज पाइप बदला आणि मगच स्टार्ट करा. रबर बाहेरून काळंभोर दिसलं तरी दोन बोटांत दाबून बघा. चिरा पडल्या की ते गेलं.

पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुवावीच लागेल. आणखी एक गोष्ट तुमच्या बाबांच्या वेळी नव्हती : आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीचं रबर मऊ करतं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा सगळा पाइप इथेनॉलला टिकणारा घाला. पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किटही नवं घ्या. यात पैसे वाचवू नका.

यानंतर चेसिस. माझा जीव खरा इथे अडकतो. कोकणातल्या गाडीचा शत्रू खारा वारा, हे सगळे सांगतात. त्याहून मोठा शत्रू चेसिसच्या आत असतो : लाल माती. जिप्सीची चेसिस पोकळ आहे. बागेच्या वाटेवरचा चिखल भोकांतून आत जातो, सुकतो, पुढच्या पावसात परत भिजतो. बाहेरून पत्रा छान आणि आतून वर्षातले चार महिने ओली पोल्टिस बांधलेली. गेल्या पावसाळ्यात मालवणकडची एक जिप्सी आली होती. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, मी छोट्या हातोडीने ठोकत गेलो. टण, टण, टण, आणि मग एकदम थप्प. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर दांडीपर्यंत आत गेला आणि भोकातून कोरड्या हळदीसारखी माती गळायला लागली. परातीत धरली. अर्धी परात भरली. मालकाने वर नुकताच सुंदर हिरवा रंग मारून आणला होता.

तुम्हीही तसंच ठोकून बघा. मागचे शॅकल, बॉडी ज्या रबरांवर बसते ते ब्रॅकेट, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने गोल करा. दोन-चार गोल असतील तर खराब पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करता येतो. गंजावर पातळ पत्रा चिकटवून देणारा वेल्डर असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गोल वीसच्या वर गेले तर बॉडी उतरवावी लागेल. जिप्सीत ते अवघड नाही. चार माणसं आणि एक दिवस पुरतो. आतली माती प्रेशरच्या पाण्याने धुवा, आठवडाभर उन्हात वाळू द्या, मग पोकळीत मेणाचं कोटिंग मारा. पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नका.

चेसिस उत्तम निघाली तरी पुढचे दोन्ही नकल (चाकं वळतात ते सांधे) उघडल्याशिवाय ही गाडी घाटावर नेऊ नका. पुढच्या चाकामागे पेल्याच्या आकाराचा लोखंडी गोळा दिसतो, त्यात अ‍ॅक्सलचा सांधा फिरतो. वर-खाली किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिची, बेअरिंगं असतात, दोन्ही बाजूंची मिळून चार. मागे नमदा आणि रबराचं सील असतं. अ‍ॅक्सलचं आतलं ऑइल सील थकलं की डिफरन्शियलचं तेल येऊन ग्रीस पातळ करतं, आणि हे मागचं सील थकलं की बाहेरचं पाणी त्यात मिसळतं. मग आत ग्रीसऐवजी चॉकलेटी आंबील सापडते.

हे मी शिकलो ते स्वतःच्या गाडीवर. २०११ साली माझी जिप्सी घेऊन स्पितीला निघालो होतो. निघण्यापूर्वी सीलं बदलली, ग्रीस भरलं, पण किंगपिनची बेअरिंगं हातात घेऊन फिरवली तर गुळगुळीत वाटली, म्हणून तीच परत बसवली. काझाच्या अलीकडे खडबडीत रस्त्यावर स्टेअरिंग असं हलायला लागलं की दोन्ही हातांनी धरवेना. नकल उघडला. बेअरिंगच्या बाहेरच्या कपात रोलरच्या रांगेने खाचा पडल्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या, नखाला लागणाऱ्या. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटत राहतात आणि खाचा तिथेच पडतात. हातात गोल फिरवून हे कळत नाही. कप पुसून उजेडाकडे तिरका धरायचा आणि नख फिरवायचं. बेअरिंग येईपर्यंत दोन दिवस तिथे बसलो. तेव्हापासून लांबच्या गाडीत चारही नवी घालतो, जुनी कितीही चांगली दिसोत. बसवताना शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून किती घट्ट करायचं ते ताणकाट्याने मोजणारा मिस्त्री शोधा. अंदाजाने आवळणारा नको. बेअरिंगं आणि सीलं आमच्या उद्यमनगरात मिळतात. मापाचे शिम नसले तर करून देणारेही तिथेच आहेत.

ब्रेकचे सगळे सिलिंडर, होज आणि ऑइल नवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं आणि लांब उतारावर तापून त्यात वाफ होते. पेडल एकदम खाली जातं ते त्यामुळे. पाटे बसले असतील तर जादा पट्टी टाकू नका. कमानीवाल्याकडून कमान भरून घ्या आणि बुश बदला.

उंचीवर तुमच्या कार्ब्युरेटरचं काय होईल? झोजी ला साडेअकरा हजार फूट, फोतू ला जवळपास साडेतेरा हजार. श्रीनगर-लेह रस्त्यावरची तीच सगळ्यात उंच जागा. दर हजार फुटांना साधं इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं. तुमचे साठ घोडे फोतू लाला चाळिसाच्या खाली येतील. हवा पातळ, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणून धूर काळा आणि प्लग काजळलेले. लेहला पोस्टिंगवर असताना आम्ही मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं बूच, एक-दोन नंबरने लहान घालायचो. तुम्ही तो जेट आणि जादा प्लग जवळ ठेवा आणि मिक्श्चर स्क्रू किती आटे बाहेर आहे ते वहीत लिहून ठेवा. खाली उतरलात की मूळ जेट परत घालायला विसरू नका, नाहीतर मैदानात इंजिन तापेल. चढावर गाडी रडायला लागली आणि रस्ता कच्चा असला तर लाजू नका, सरळ फोर लो, म्हणजे चारही चाकांचा हळू गिअर, टाका. तो गिअर त्यासाठीच दिलाय.

वाट सांगतो. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत न्यायालयाचे आदेश आहेत आणि ते बदलत आलेत. तुम्ही तिथे जाऊच नका. पुणे, अहमदाबाद, जोधपूर, बिकानेर, अमृतसर, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर, कारगिल, लेह. या बाजूने उंची हळूहळू चढते, शरीरालाही बरं आणि इंजिनालाही. परत मनालीकडून या, पण लक्षात ठेवा : लेहकडचा शेवटचा पंप सोडला की पुढचा तांदीला. तांदीच्या पाटीवर हे अंतर ३६५ किलोमीटर लिहिलंय. तुमची टाकी ४० लिटरची. मधे तांगलांग ला साडेसतरा हजार फुटांवर. वीस लिटरचा धातूचा कॅन भरून घ्याच. मनालीहून खाली भटिंडा-बिकानेर धरा.

त्याआधी मात्र देवगड-कोल्हापूर-देवगड अशा चार फेऱ्या मारा, एक तरी भर पावसात, गगनबावड्याच्या घाटातून. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा पसरून सकाळी डाग बघा. डागाची जागा आणि रंग वहीत लिहा. तीच वही सोबत न्या.

प्रश्न : मीही जिप्सीच घेतली आहे. छतावर तंबू, पुढे मोठा बुलबार आणि ३१ इंची टायर बसवून राजस्थान, नंतर अरुणाचल करायचा विचार आहे. कोणता तंबू घेऊ?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तंबू जमिनीवर लावायचा घ्या. जिप्सी रिकामी असताना टनभराची आणि रुंदीला जेमतेम पाच फूट. तिच्या डोक्यावर पन्नास-साठ किलो ठेवले की तिरक्या उतारावर ती तुम्हाला घाबरवेल. बुलबारवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. पोलीस दंड करतील हा एक भाग झाला. समोरच्या पायी माणसाला त्याने जास्त मार बसतो, म्हणून मी तो कुणालाच बसवून देत नाही. टायरचं सांगायचं तर कंपनीचं माप २०५/७० आर १५. थोडं वाढवलंत तर चालेल, पण ३१ इंची चाकाने पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे तुटतात आणि साठ-ऐंशी घोड्यांचं इंजिन चौथ्या गिअरलाही दमतं. ते पैसे वर देवगडच्या ताईंना सांगितलेल्या कामांवर घाला.

प्रश्न : पावसात पकड चांगली मिळावी म्हणून मी हायवेवर जिप्सी फोर बाय फोरमध्ये चालवतो. वळताना गाडी ओढल्यासारखी वाटते आणि कधीकधी गिअर परत टू व्हीलवर येत नाही. बिघाड आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बिघाड नाही, पण अशीच चालवत राहिलात तर होईल. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, नाहीत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरून तो फरक भरून काढतं, डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो. अडकला की दहा-वीस फूट सरळ रिव्हर्स घ्या, लिव्हर सुटेल. डांबरावर, ओल्या डांबरावरसुद्धा, टू व्हीलच ठेवा आणि टायरची नक्षी किती उरली आहे ते बघा. ट्रान्स्फर केसचं तेल काढून स्वच्छ कपड्यावर ओता. चकाकणारे कण दिसले तर गाडी घेऊन या.