न्यूरॉन पाठ करू नकोस, आधी पायाचं बोट आठव

अरे, न्यूरॉनचा म्हणजे चेतापेशीचा अभ्यास करताना ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे त्यातून धावणाऱ्या विजेच्या सिग्नलचा, ग्राफ दहादा काढून काही होत नाही, मीपण पहिल्या वर्षी तेच केलं आणि व्हायवात गप्प बसलो. त्यापेक्षा पायाचं बोट पलंगाला आपटतं तेव्हाचं आठव. आधी चर्रकन तीक्ष्ण कळ, मग जरा थांबून तो ठणका येतो ना, ते दोन वेगळे वायर आहेत, म्हणजे दोन प्रकारचे मज्जातंतू. पहिल्यावर मायलिनचं, म्हणजे वायरवरच्या प्लास्टिकसारखं, पातळ आवरण असतं, त्यात मधेमधे गॅप, म्हणून सिग्नल एका गॅपवरून दुसऱ्या गॅपवर उड्या मारत सेकंदाला ५ ते ३० मीटरने जातो, दुसरा उघडा, त्यात जेमतेम १ मीटर.

आता जिथे सगळे चुकतात ते. न्यूरॉन शांत असताना त्याच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात, सोडियमची दारं उघडली की सोडियम आत घुसतो आणि व्होल्टेज प्लसमध्ये जातं, मग खाली कोण आणतं? सोडियम-पोटॅशियम पंप नाही रे बाबा! पोटॅशियम बाहेर पडतो म्हणून खाली येतं. पंप म्हणजे सोसायटीचा झाडूवाला, ३ सोडियम बाहेर २ पोटॅशियम आत, दिवसभर हळूहळू चालूच.

सोडियम-पोटॅशियमचं हे आत-बाहेर हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी स्क्विडच्या ॲक्सॉनवर, म्हणजे न्यूरॉनच्या लांब शेपटीवर, शोधलं, १९५२ मध्ये छापलं, १९६३ ला नोबेल. स्क्विडच का, तर त्याला मायलिन नाही, वेग हवा म्हणून ॲक्सॉनच जाडजूड, अर्धा मिलिमीटर वगैरे, आत तार घालता येते. म्हणजे आपल्याकडे ताटात येणारी माकुळ आहे ना, तिचीच भावंडं.

ग्लिया पेशी, म्हणजे न्यूरॉनला सांभाळणाऱ्या पेशी, मात्र सोडू नकोस, शॉर्ट नोट हमखास येते.