ड्रीमफाइंडर गेला आणि राइडचा जीवच गेला

प्रश्न: ताई, प्रश्न जरा बालिश वाटेल पण विचारतोच. आम्ही भावंडं न्यू जर्सीत वाढलो, आईबाबा सत्तरच्या दशकात इकडे आले आणि मोठी सुट्टी म्हणजे डबे भरून गाडी काढायची आणि थेट फ्लोरिडा, हे ठरलेलं. डिस्नेच्या एपकॉट पार्कातली ‘जर्नी इन्टू इमॅजिनेशन’ ही माझी सगळ्यात लाडकी राइड, तो लाल दाढीवाला ड्रीमफाइंडर आणि त्याचा जांभळा ड्रॅगन फिगमेंट. आता मुलीला घेऊन गेलो, रांगेतच तिला रंगवून रंगवून सांगत होतो की बघ आता काय येतं, आणि आलं काय तर लॅबचे कॉरिडॉर, सुटातला एक शास्त्रज्ञ आणि नाकात घुसणारा घाण वास. पोरगी हसली बिसली, मला मात्र कसंतरीच झालं. बायको म्हणते लहानपणी सगळंच भारी वाटतं, तुझं वय झालंय. खरंच तसं आहे की राइडची वाट लावलीय?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: वहिनींना सांगा, एरवी तुमचं बरोबर असेल पण ह्या केसमध्ये नाही. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांवर माझाही फारसा विश्वास नाही, लहानपणचं निम्मं कौतुक मोठेपणी टिकत नाही हे खरंच आहे. पण ही राइड घड्याळ लावून मोजता येते. मूळची साधारण ११ मिनिटांची होती, तिच्या जागी १९९९ ला जी आली ती जेमतेम निम्मी.

आधी जुनी कशी होती ते सांगते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी ती बघितलेलीच नसणार. एपकॉट उघडलं १ ऑक्टोबर १९८२ ला, काचेच्या पिरॅमिडांचं ते इमॅजिनेशनचं दालनही त्याच दिवशी उघडलं, पण आतली राइड काही वेळेत झाली नाही, ती आली मार्च १९८३ मध्ये. पैसा कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचा, डिझाइन डिस्नेच्या टोनी बॅक्स्टर आणि त्याच्या टीमचं, गाणं डिस्नेची गाणी लिहिणाऱ्या शर्मन बंधूंचं, म्हणजे एकदा कानात शिरलं की रात्री हॉटेलात झोपताना पण वाजत राहणार.

आणि उशीर का झाला असेल ते पहिला सीन बघितला की कळायचं. अंधारातून तुमची गाडी वळते आणि समोर ढगांमध्ये ड्रीमफाइंडरचं ते विचित्र उडतं मशीन, फुग्यासारखं, कल्पना गोळा करत फिरणारं. तो तुमच्याशी बोलायला लागतो, तुमच्या देखत फिगमेंट तयार करतो, इथून दोन छोटे पंख, तिथून बैलाची शिंगं, वरून जांभळा रंग, आणि हे सगळं काही मिनिटं चालतं आणि तरी तो तुमच्या समोरून हलत नाही! साध्या राइडमध्ये सीन येतो आणि मागे पडतो ना, इथे तसं व्हायचंच नाही. कारण मधोमध एक प्रचंड फिरती तबकडी होती, कलिंगडाच्या चकतीच्या पाच फोडी कराव्यात तसे तिचे पाच भाग, प्रत्येक भागात हाच सीन जसाच्या तसा, तेच मशीन, तोच ड्रीमफाइंडर, तोच फिगमेंट. तुमच्या गाड्या तबकडीच्या कडेने तिच्याच वेगाने पळायच्या, त्यामुळे तुम्हाला वाटायचं आपण आणि तो सोबत उडतोय. आवाज, बाहुल्यांच्या हालचाली, गाड्या आणि तबकडी हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे, तेही १९८३ मधल्या तंत्रावर. इंजिनिअर लोकांनी जरा डोळे मिटून कल्पना करा.

मग पुढे कलेची खोली, सगळं पांढरंशुभ्र आणि त्यात रंग भरणारा ड्रीमफाइंडर, मग साहित्याची, ती चक्क भुताटकीची, अंधारी, तो ऑर्गन वाजवतोय आणि फिगमेंट राक्षस बाहेर येऊ नयेत म्हणून एक भलंमोठं पुस्तक दाबून धरायला बघतोय (माझा आवडता सीन, साहित्याला घाबरलंच पाहिजे असं माझं मत आहे), मग नाटक-नाच, मग विज्ञान. शेवटी फिगमेंट खलाशी काय, गिर्यारोहक काय, काय काय होऊन दाखवायचा आणि तुमचाच फोटो काढून स्क्रीनवर दाखवायचे. कोडॅकची जाहिरात होतीच ती, पण कथेत बसलेली. म्हणणं एवढंच होतं की कल्पनाशक्ती सगळ्यांकडे असते, तुमच्याकडे पण आहे, चला वापरा. आणि वापरायला लगेच वरच्या मजल्यावर इमेजवर्क्स. रंगीत निऑन कड्यांचा बोगदा, पाय ठेवला की सूर निघणारी फरशी, हात हलवून ऑर्केस्ट्रा वाजवायचा. पोरं तिथून निघायलाच तयार नसायची.

बाहेर पटांगणात ड्रीमफाइंडर स्वतः फिरायचा, फिगमेंट हातावर. गंमत म्हणजे ज्या हातावर तो बसलेला दिसायचा तो हात खोटा, खरा हात बाहुलीच्या आत. शेजारी उभं राहून पण पोरांना कळायचं नाही. आणि फिगमेंट आधी हिरवा असणार होता, पण हिरवा म्हणजे फिल्मच्या धंद्यातल्या स्पर्धक फुजीचा रंग, कोडॅकला तो कसा चालेल, म्हणून जांभळा झाला असं सांगतात.

तर ऑक्टोबर १९९८ मध्ये हे सगळं बंद केलं. डिस्नेचा मिलेनियमचा मोठा सोहळा १ ऑक्टोबर १९९९ ला सुरू होणार होता, त्याच दिवशी नवी राइड हजर. नाव जवळजवळ तेच, फक्त मध्ये ‘युवर’ घुसवलं. आतमधून ड्रीमफाइंडर गायब, फिगमेंट ओझरता कुठेतरी दिसला तर दिसला, गाणं जवळजवळ नाहीच, तबकडीचा भाग वगळून टाकलेला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. शेजारी जो थ्रीडी शो चालायचा त्यातली एक काल्पनिक संस्था होती, इमॅजिनेशन इन्स्टिट्यूट, ती उचलून इथे आणली म्हणजे दोन्हीला मिळून एकच कथा. ब्रिटिश विनोदी नट एरिक आयडलने केलेला डॉ. नायजेल चॅनिंग हा तिचा साहेब.

तो साहेब काय करतो बघा. सुरुवातीलाच तुमचं डोकं स्कॅन करतो आणि सांगतो की आत फारसं काही नाहीये. म्हणजे तिकीट काढून, रांग लावून, पोरांना कडेवर घेऊन माणूस आत येतो आणि पहिल्या मिनिटात त्याला ऐकवतात की तुझं डोकं रिकामं, थांब आता आम्ही भरतो. जोक म्हणून लिहिलं असेल, पण जुन्या राइडचं जे एकमेव म्हणणं होतं त्याच्या बरोब्बर उलटं झालं ना हे. माझ्या मते राइडची वाट लागली ती इथे. छोटी झाली, स्वस्तातली झाली, ते लोकांनी चालवून घेतलं असतं, पार्कात असं होतच असतं. पण जिथे तुम्हाला सोबती म्हणून घ्यायचे तिथे तुम्हाला पेशंट करून बसवलं आणि पुन्हा वर शीर्षकात ‘तुमची’ कल्पनाशक्ती!

लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की दोन वर्षांत, ऑक्टोबर २००१ मध्ये, ती पण बंद करावी लागली. जून २००२ पासून जी चालू आहे ती तुम्ही लेकीसोबत बघितलीत. फिगमेंट परत आणला, गाणं शब्द बदलून परत आणलं, पण चॅनिंग, लॅब, कॉरिडॉर सगळं तसंच ठेवलं आणि त्यावरच फिगमेंटला नाचवलाय. पंचेंद्रियांचं टूर म्हणे! तो घाण वास स्कंकचा, म्हणजे दुर्गंधी सोडणाऱ्या त्या प्राण्याचा, फिगमेंटची खोडी आहे ती. दुधाची तहान ताकावर भागवली, दुसरं काय.

तेव्हा वहिनींना म्हणावं, मूळ राइडचे लोकांनी केलेले जुने व्हिडिओ मिळतात, त्यातला तबकडीचा सीन फक्त लावा आणि मग बोला.

प्रश्न: मी ऑर्लँडोलाच वाढले, मी २००२ नंतरचीच राइड बघितलीय आणि मला ती जाम आवडते. शेवटचं ते उलटं घर, सगळं छताला लटकलेलं, ते बघायला मी बाबांना पुन्हा पुन्हा ओढत न्यायचे. पण फिगमेंटप्रेमी म्हटलं की सगळे जुने लोक नाकं मुरडतात, म्हणे तू खरी बघितलीच नाहीस. हे जरा डोक्यात जातं. आमच्या बालपणाला किंमत नाही का?
– एक वाचक, फ्लोरिडा

उत्तर: किंमत आहे गं, आणि त्या जुन्या लोकांना सांग की तुम्ही पण १९८३ मध्ये कुणाची तरी परवानगी घेऊन आवडवून घेतलं नव्हतं. तुझा फिगमेंट जरा जास्त वात्रट आहे, आवाज डेव्ह गोल्झचा, तो मपेट्स ह्या बाहुल्यांच्या शोमधला कसलेला कलाकार, आणि त्या माणसाने आपलं काम चोख केलंय. जुन्याचा आवाज होता बिली बार्टीचा, तो फिगमेंट लहान मुलासारखा, प्रत्येक गोष्टीचं नवल वाटणारा. उलटं घर मला पण आवडतं, त्या राइडमध्ये स्वतःची म्हणावी अशी ती एकच जागा आहे आणि गंमत म्हणजे तिथे लॅब संपलेली असते.

फक्त एक गोष्ट मी तुझ्याशी पण वाद घालून सांगेन. फिगमेंट एकटा पुरत नाही. खोड्या काढणारं पोर असलं की त्याच्याकडे कौतुकाने बघणारं कुणीतरी मोठं माणूस लागतं, ते होतं ड्रीमफाइंडर. त्याच्या जागी चॅनिंग आला आणि तो सारखा वैतागलेला, मग सगळी राइडभर चाललंय काय तर साहेब नियम सांगतोय आणि हा मोडतोय. विनोद एकच, खोली फक्त बदलते. रांगेतून जाताना दरवाज्यांवरच्या पाट्या नीट बघ, ‘डीन फाइंडर’ नावाच्या कुणाचं तरी ऑफिस आहे. ज्याने कुणी ती पाटी लावून घेतली त्याला पण हीच रुखरुख असणार.

प्रश्न: एवढी लोकांना हवीय तर जुनीच परत का बांधत नाहीत? पैशाला काय कमी आहे त्यांना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: पैसा आहे हो, पण कुठे घालायचा ते बघतात ना. पूर्वी एपकॉटच्या मोठ्या दालनांना एकेक कंपनी धरलेली असायची, इथे कोडॅक. नव्वदच्या शेवटाला डिजिटल कॅमेऱ्यांनी कोडॅकच्या पायाखालची जमीन सरकायला लागलेली, तेव्हा १९९९ च्या वेळी हात आखडता घेतला गेला ह्यात मला तरी नवल वाटत नाही. २०१० मध्ये कोडॅक तिथून बाहेर पडली, जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. त्यानंतर दालनाला कुणी वाली नाही. तबकडी पुन्हा उभी करायची म्हणजे अर्धी इमारत उघडावी लागेल आणि वरच्या मजल्यावर जिथे पोरं सुरांच्या फरशीवर उड्या मारायची तिथे आता डिस्नेच्या टाइमशेअरच्या (सुट्टीची घरं वाटून वापरायची योजना) मेंबरांसाठी लाउंज केलाय, कॉफी पीत बसायला.

मागणी नाही असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते, जानेवारी २०२२ मध्ये फिगमेंटच्या आकाराची पॉपकॉर्नची प्लास्टिक बादली विकायला काढली तर लोक कित्येक तास रांगेत उभे! त्याच्याच राइडला एवढी रांग कित्येक वर्षांत लागली नसेल. सप्टेंबर २०२३ पासून फिगमेंट पुन्हा लोकांना भेटायला येतो, फोटो काढता येतो. ड्रीमफाइंडर नाही. बादली विकली की पैसे त्याच दिवशी हातात आणि राइड बांधायची तर वर्षानुवर्षं खर्च, त्यामुळे सध्या तरी बादल्याच येत राहतील असं मला दिसतंय. आणि खरं सांगू का, ११ मिनिटांची जुनी राइड जशीच्या तशी आणावी असं मला पण वाटत नाही. ड्रीमफाइंडर परत आणा, तबकडी परत आणा, बाकी विज्ञानाच्या खोलीत आजचं विज्ञान घाला. स्कॅनर तेवढा नको.

प्रश्न: जूनमध्ये सासूसासरे पुण्याहून येतायत, मुलगा ६ वर्षांचा. हे सगळं वाचून प्रश्न पडलाय की ती राइड करावी की टाळावी?
– एक वाचक, टॅम्पा

उत्तर: करा की! जूनमध्ये दुपारी तिथे उन्हाने जीव जातो आणि ही राइड थंडगार, संथ, कुठे झटके नाहीत, रांग बहुतेक वेळा छोटीच. सासूबाईंना वासाचं आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल काहीतरी बिघडलंय. मोठे आवाज पण आहेत एकदोन ठिकाणी, मुलगा दचकत असेल तर मांडीवर घ्या. आणि बाहेर पडल्यावर लगेच पळू नका, दारासमोर ते उड्या मारणारे कारंजे आहेत, पाण्याची एकेक धार इथून तिथे टुणकन जाते, आणि बाजूला खालून वर जाणारा धबधबा. हे दोन्ही पहिल्यापासूनचे आहेत, त्यांना अजून कुणी हात लावलेला नाही. मुलाचा एक जादा टीशर्ट पर्समध्ये ठेवा, भिजल्याशिवाय तो काही तिथून हलायचा नाही.