टॉम कॉलिन्समध्ये वरुडचा संत्रा

भाऊ, टॉम कॉलिन्स म्हणजे जिन, लिंबू, साखर नि सोड्याचं कॉकटेल; त्यातलं लिंबू काढून नुसता संत्रा घातला की त्याचं सरबत होतं. वरुड-काटोलकडचा संत्रा गोड. आंबटपणा लिंबूच देणार. एका ग्लासाला ४५ मिली जिन, ३० मिली संत्र्याचा रस, २० मिली लिंबाचा, १० मिली साखरेचा पाक (साखर-पाणी समान), वरून ९० मिली थंड सोडा. फळ फारच गोड असलं तर पाक निम्मा करा.

रस मिक्सरमधून काढू नका. बिया भरडल्या की त्यांच्यातल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे रस कडू होतो. हातानं काढलेला ठेवून दिला तरी कडवटपणा वाढत जातो, सकाळचा रस संध्याकाळी चालत नाही. आडवा कापून हलकेच पिळा, गाळा, लगेच वापरा.

शेकर नसला तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. सोडा सोडून सगळं बर्फासोबत १२ सेकंद जोरात हलवा. डब्यात सोडा घातला तर झाकण उडतं, भिंत पुसत बसाल. ग्लासातला बर्फ मोठा हवा. रात्री वाटीत पाणी घालून फ्रीजरमध्ये लावून ठेवा.

शेवटी सालीचा तुकडा केशरी बाजू ग्लासाकडे करून चिमटा. तेलाचे बारीक थेंब वर तरंगताना दिसतात, खरा वास त्यांचाच. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथे अर्थात जिनशिवाय.